चढ्या बोलीची पेटी

सोमवारी सकाळी फारूक आपल्या दुकानात बसून एका पेटीच्या भात्याला चामड्याची पट्टी चिकटवत होता. सरस गरम होता, हात मोकळे नव्हते. तेवढ्यात त्याची मुलगी रुखसार बस स्टँडसमोरचा रस्ता ओलांडून धावतच आली.

"अब्बा, गेली! पेटी गेली!"

फारूकला वाटलं, चोरीला गेली. त्यानं दचकून कोपऱ्यात पाहिलं. सागवानी पेटी आपली जागच्या जागी होती, वर चादर टाकलेली.

"कुठी गेली? ती काय बसली."

"विकली गेली, अब्बा! अकरा हजार दोनशे पन्नास!"

फारूकनं पट्टी दाबून धरली होती ती धरूनच ठेवली. सरस वाळेपर्यंत बोट उचलायचं नसतं. पण त्याचं लक्ष आता सरसाकडे नव्हतं.

"नीट पाह्य. एक आकडा जास्त वाचला असशील."

"तीनदा पाह्यलं. अक्षरातबी लिहून आलं."

गोंडपिपरीत फारूकचं दुकान गेली तीस वर्षं होतं. राजुऱ्यापासून अहेरीपर्यंत ज्या ज्या मंडळाची, भजनाची, नाटकाची पेटी बिघडे, ती कुणाच्या तरी मांडीवर बसून त्याच्या दुकानात येई. पेटीची गंमत अशी, की ती बाहेरून साऱ्यांना दिसते, पण आतले सूर कसे आहेत हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली तरी ज्याला कळतं त्यालाच कळतं. त्यामुळे लोक फारूकच्या तोंडाकडे बघत. तो म्हणाला अठराशे, की अठराशे. म्हणाला घेऊ नका, की लोक पेटी तिथंच ठेवून चहा पिऊन निघून जात. त्याच्याशी कुणी घासाघीस करत नसे आणि तोही कधी बोललेला आकडा बदलत नसे.

ही कोपऱ्यातली पेटी झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीची. कंपनीनं कीबोर्ड घेतला आणि जुनी पेटी फारूकला देऊन टाकली. दोन वर्षं ती तशीच पडून होती. फारूकच्या हिशेबी तिची किंमत तीन हजार. सारी हौस धरली तरी सव्वातीन. त्याच्या वर एक रुपया नाही.

रुखसार समोरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना शिकवत असे. २००६ साल होतं. क्लासमध्ये नेट नवंनवं आलं होतं आणि त्यावर लिलावाची एक साइट तिला सापडली होती. "अब्बा, जगातला कोणीबी माणूस आपली पेटी पाहील," असं म्हणत तिनं पेटीचे फोटो काढले. माहिती मात्र फारूकनं शब्दन् शब्द सांगून लिहवून घेतली. खालच्या ओळीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभल्या, जर्मन, वरच्या ओळीचे देशी, पालिताण्याचे. डावीकडून चौथी पट्टी नवी बसवली आहे. भात्याला एक ठिगळ आहे.

"ठिगळ काऊन लिहायचं?" रुखसारनं विचारलं होतं.

"हाय म्हणून."

तर अशी ती पेटी, आणि तिला अकरा हजार.

शेजारचा पानवाला आला, समोरचा शिंपी आला. चहा झाला. "फारूकभाऊ, आता आम्हालेबी तुमच्या कॉम्प्युटरवर बसवा, आमचीबी किंमत वाढंल," असं शिंपी म्हणाला आणि सगळे हसले. फारूकही हसला. पण लोक गेल्यावर त्यानं पेटीवरची चादर काढली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. जणू तिनं त्याच्यापासून काही लपवून ठेवलं होतं.

"कोणी घेतली?" त्यानं रुखसारला विचारलं.

"नाव नाई दिसत. टोपणनाव असते. दोघं जण शेवटपर्यंत भिडले होते, म्हणून एवढी चढली."

"मुंबईचा असंल कोणी. शौकीन, पैसेवाला."

"असंल न. त्याले परवडते म्हणून त्यानं घेतली. तुमी काऊन तोंड पाडून बसले?"

फारूकनं मनाची समजूत घातली. दोन शौकीन माणसं भिडली, एकाला हौस जास्त होती. मुंबईच्या माणसाला आठ हजार जास्त म्हणजे काय! दुपारी तो पोटभर जेवला.

मंगळवारी त्या माणसाचा मेल आला. रुखसारनं कागदावर उतरवून आणला. लिहिलं होतं, की पेटी पार्सलनं पाठवू नका, सूर हलतील. मी स्वतः रविवारी येऊन घेऊन जातो, पैसे हातात देतो. खाली नाव होतं निरापद मंडल आणि पत्ता मुलचेरा तालुक्यातल्या एका गावाचा.

फारूकनं कागद दोनदा वाचला. मुलचेरा म्हणजे नदीच्या पलीकडे. आष्टीचा पूल ओलांडला की पुढे तासभर. तिथं बंगाली लोकांची गावं आहेत, चाळीसेक वर्षांपूर्वी सरकारनं निर्वासितांसाठी वसवलेली. धान पिकवणारी, तळ्यात मासे पाळणारी आणि कीर्तन करणारी माणसं. हा मनुष्य बसमध्ये बसून सरळ दुकानात आला असता, तर फारूकनं त्याला हीच पेटी तीन हजारांत दिली असती आणि वर चहा पाजला असता. जगभर फिरून गिऱ्हाईक नदीपलीकडच्या तालुक्यातच निघालं होतं, आणि येताना आठ हजार जास्त घेऊन येणार होतं.

"एवढा पैसा म्हणजे कीर्तनाची वर्गणी असंल," फारूक म्हणाला.

रुखसारनं कागदाची घडी घालून तो गल्ल्यात ठेवला.

बुधवारी लटारू आला. लटारू जवळच्याच एका खेड्यातला. धानाची शेती, आणि हिवाळ्यात नाटकात तबला. वीस वर्षं फारूकची पेटी आणि त्याचा तबला अशी जोडी. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर तो हसायला लागला.

"का गा फारूकभाऊ! पेढे कुठी हायेत?"

"कशाचे पेढे?"

"अकरा हजाराचे! पेटी तुही, पण बोली माही!" असं म्हणून त्यानं छातीवर हात मारला.

फारूकच्या हातात पक्कड होती. ती त्यानं हळूच खाली ठेवली. "काय म्हणून राह्यला तू?"

तेव्हा लटारूनं सगळं मजेत सांगितलं. गेल्या आठवड्यात तो दुकानात आला होता तेव्हा रुखसार म्हणाली होती, की पाच दिवस झाले, पेटी अठराशेवरच अडकली आहे. ते ऐकून लटारूला फार लागलं. फारूकभाऊची पेटी अठराशेला? साऱ्या झाडीत आपली लाज जायची! त्यानं बाहेर पडून एसटीडी बूथवरून चंद्रपूरला फोन लावला. त्याचा मुलगा आदेश तिथं कॉलेजात शिकत होता. "मी म्हटलं त्याले, जाय नेट कॅफेत अन् आपल्या फारूकभाऊची पेटी वर ने! पोट्टं हुशार. शेवटच्या दिवशी असं भिडलं, असं भिडलं... तीन हजार, पाच हजार, आठ हजार! समोरचाबी काई कमी नाई. हा चढवे का तोबी चढवे!"

आता लटारूनं हे का केलं, ते बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पण त्याच्या गावात शारदा देवी बसते, आणि विसर्जनाच्या दिवशी देवीपुढे आलेल्या वस्तूंची हर्रास, म्हणजे लिलाव, होते. कुणी भोपळा दिलेला असतो, कुणी केळीचा घड, कुणी लुगडं. ज्याची वस्तू, त्याचे जिवलग उठून बोली चढवतात. भोपळा वीस रुपयांत गेला, तर देणाऱ्याचा अपमान. म्हणून मित्र शंभर म्हणतो, दुसरा दीडशे म्हणतो, लोक टाळ्या पिटतात. शेवटी भोपळा कुणाच्या तरी गळ्यात पडतो आणि पैसा देवीच्या खात्यात जातो. तिथं सगळ्यांना दिसत असतं, की कोण कुणाचा आहे आणि कोण का ओरडतो आहे. कुणीही फसत नाही. लटारूनं जन्मभर एवढीच हर्रास पाहिली होती. नेटवरची हर्रासही त्याला तीच वाटली.

पण नेटवरचा लिलाव वेगळा. तिथं माणसाचं तोंड दिसत नाही. आणि आणखी एक गोष्ट असते, जी लटारूला ठाऊक नव्हती. समजा, तुम्ही मशीनला सांगून ठेवलं, की मी जास्तीत जास्त बारा हजार देईन. तर मशीन लगेच बारा हजार लावत नाही. समोरच्यानं दोन हजार म्हटलं, की ते तुमच्या वतीनं दोन हजार पन्नास म्हणतं. समोरचा थांबला, की तेही थांबतं. म्हणजे गरज असेल तेवढंच तुमच्या खिशातून घेतं. निरापद मंडलनं बारा हजार सांगून ठेवले होते आणि निश्चिंत झोपला होता. भिडत होता तो एकटा आदेश.

रुखसारचा चेहरा उतरला. ती उठून क्लासमध्ये गेली आणि बोलींची यादी कागदावर उतरवून आली.

"तिसरा एक जण होता, टोपणनावावरून कोल्हापूरचा. तो दोन हजार सहाशेवर थांबला," ती म्हणाली. "आदेश नसता, तं पेटी दोन हजार साडेसहाशेले गेली असती."

"आदेश कुठी थांबला?" फारूकनं विचारलं.

"अकरा हजार दोनशेवर."

"तिथीच काऊन थांबला?"

लटारू डोकं खाजवत म्हणाला, "त्याचा कॅफेचा तास भरला म्हने."

एका पोराचा कॅफेचा तास भरला, म्हणून किंमत तिथं थांबली. नाहीतर बारा हजार झाली असती.

"लटारू," फारूक सावकाश म्हणाला, "ही चोरी हाय."

लटारूचं हसू जागीच विरलं. "चोरी? मी? तुह्या इज्जतीसाठी केलं, अन् चोरी?"

"त्या माणसाले मालूम हाय का, का समोर बोलणारा माह्याच माणूस होता?"

"त्यानंच वर बोली लावली न? मी काय त्याचा हात धरला?"

"देवीच्या हर्रासीत तू उठून उभा राहते. सारे तुले पाहतात. इथी तू कुठी उभा होता?"

लटारू रागारागानं उठला, पायरीवर थबकला आणि मागे न बघता म्हणाला, "सांगायचं असंल तं सांग. माहं नाव घेजो नको. पोराचं तं बिलकुल नको." आणि निघून गेला.

तो गेल्यावर रुखसार वडिलांजवळ येऊन बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अब्बा, साइटचा नियम हाय. आपल्याच माणसानं बोली वाढवली, तं खातं बंद करतात. माह्या नावानं हाय खातं. क्लासमधल्या पोरायले मी हेच शिकवते, का नेटवर धोका कसा होते. आता काय सांगू त्यायले?"

"मंग काय करू म्हणते?"

"काई नका करू. त्याले पेटी पायजे, त्यानं किंमत कबूल केली. पेटी चांगली हाय. तुमी खोटं काई लिहिलं नाई."

हे सगळं खरंच होतं. फारूकनं खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. ठिगळसुद्धा लिहिलं होतं. अडचण तिथंच होती. सगळं खरं लिहून, एक शब्दही न बोलता, तो खोटा ठरला होता.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. गुरुवारी एक भजनवाला पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, हिचे किती येतील, सांगा." फारूकनं पेटी उघडली, सूर पाहिले, आणि त्याच्या तोंडून आकडा निघेना. "उद्या ये," तो म्हणाला. तीस वर्षांत त्यानं कुणाला उद्या ये म्हटलं नव्हतं. शुक्रवारी नमाजाहून परतल्यावर त्यानं सागवानी पेटी उघडून पुन्हा सगळे सूर पुसले, भात्याचं ठिगळ काढून नवं लावलं, पॉलिश केलं. आपण पेटीला अकरा हजारांची करायला बघतो आहोत, हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं. त्यानं फडकं फेकून दिलं.

शनिवारी जेवताना फारूकची बायको साबिरा त्याला म्हणाली, "भाजीत मीठ नाई."

"असू दे."

"मी मुद्दाम नाई टाकलं. कालबी नव्हतं टाकलं. तुमाले समजते का, ते पाह्यत होती." तिनं मिठाची वाटी पुढे सरकवली. "त्या माणसाले सांगून टाका, नाई तं त्याच्यासमोर गप बसायची तयारी करा. पण हे असं नका करू."

रविवारी साडेनऊच्या बसनं निरापद मंडल आला. पंचेचाळिशीचा, किरकोळ अंगाचा, हसरा माणूस. गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. खांद्यावर एक शिवलेली गोधडी होती.

"दादा, नमस्कार. मी मंडल. ही गोधडी माझ्या आईनं दिली, पेटी गुंडाळायला. जीपमध्ये धक्के बसते ना!"

रुखसारनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. फारूकनं चादर काढली. निरापद पेटीपुढे असा बसला, जसं माणूस ताटापुढे बसतो. त्यानं भाता उघडला, एक सूर धरला, मग दुसरा. डोळे मिटून कीर्तनाची एक चाल वाजवली आणि बरोबर गुणगुणलाही. बाहेर पानवाल्याचा हात पानावरच थांबला.

तेवढ्यात फारूकला दुकानाबाहेरच्या बाकावर लटारू बसलेला दिसला. पाठ इकडे होती, पण कान इकडेच होते.

"सुंदर!" निरापद म्हणाला. "आमची जुनी पेटी पुरात गेली, दादा. दोन वर्षं आम्ही नुसत्या खोलावर, म्हणजे मृदंगावर, कीर्तन केलं. कोलकात्याहून नवीन आणायला गेलो, तर येण्याजाण्यासकट पंधरा हजार. भाच्यानं सांगितलं, कॉम्प्युटरवर बारा सांग, मशीन लागेल तेवढंच घेते. बघा, साडेसातशे वाचले!" आणि त्यानं शर्टाच्या आतून एक कापडी पिशवी काढून पेटीवर ठेवली.

साडेसातशे वाचले. ते शब्द ऐकले आणि फारूकला पुढचं बोलणं भागच झालं.

"मंडलभाऊ, पिशवी उचला. आधी ऐका."

आणि त्यानं सांगितलं. आडवळण न घेता, मशीन कसं चालतं, कोल्हापूरचा कुठे थांबला, आणि त्याच्या वर जे सगळं झालं ते आपल्याकडच्या माणसानं केलं. "मले मालूम नव्हतं. बुधवारी मालूम झालं. पेटी दोन हजार साडेसहाशेची लागली. तेवढेच द्या."

त्याला वाटलं होतं, माणूस रागावेल, किंवा खूश होईल. निरापदनं दोन्ही केलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि तिथं शंका आली. त्यानं हात पेटीवरून काढून घेतला.

"पेटीत काय खराब हाय?"

"काई नाई खराब."

"दादा, मीबी दुकानदार हाय. गिऱ्हाईक अकरा हजार काढून ठेवते, आणि दुकानदार म्हणते अडीच दे. असं कधी होते? काय हाय आत? सांगा."

"मी सांगितलं ते खरं..."

"उघडा."

फारूकनं पेचकस घेतला. तीस वर्षांत लोकांनी त्याच्या शब्दावर पेटी बंदच्या बंद नेली होती. आज पहिल्यांदा कुणी उघड म्हणत होतं, आणि तेही तो खरं बोलला म्हणून. त्यानं वरची फळी काढली, पट्ट्या काढल्या, सुरांची फळी बाहेर घेतली. स्क्रू खाली पडला, तो रुखसारनं शोधून दिला. मग एकेक सूर दाखवत, मुलाला पाढे शिकवावेत तसं त्यानं सांगितलं. हा पितळी जाड, कोपरे गोल, हा जर्मन. हा पालिताण्याचा. ही नवी पट्टी. हे ठिगळ, परवाच बदललं. निरापदनं सगळं ऐकलं, वाकून पाहिलं, नखानं सूर वाजवून पाहिले. अर्धा तास गेला.

"पेटी चांगली हाय," तो शेवटी म्हणाला. पण आवाज अजून कोरडाच होता. त्यानं कपाळावर हात मारला. "आता मी गावाला काय सांगू? एकशे दहा घरांनी वर्गणी दिली. मी सगळ्यांना सांगून बसलो, अकरा हजारांची पेटी आणतो. आता अडीच हजारांची आणली, तर अर्धे म्हणतील मंडलनं भंगार उचललं, अर्धे म्हणतील आधी पैसे खाणार होता, आता भिऊन परत केले. माझं कोण ऐकेल?"

"चिठ्ठी लिहून देतो."

"चिठ्ठी कोण वाचते, दादा? मराठीत? तुम्ही चला. माझ्या गावात बसून, तुमच्या तोंडानं सांगा. आणि तो माणूस, बोली लावणारा, त्यालाबी आणा. नाही तर ही पेटीबी नको आणि तुमचा खरेपणाबी नको."

फारूकनं बाहेर पाहिलं. बाक रिकामा होता. लटारू रस्त्याच्या पलीकडे पोहोचला होता आणि आपल्या गावाच्या दिशेनं चालू लागला होता.

त्यानं हाक मारली नाही. टोपी घातली आणि म्हणाला, "मी येतो. त्याचं मी नाई सांगू शकत."

पेटी पुन्हा जुळवून, गोधडीत गुंडाळून दोघं स्टँडवर आले. रुखसार म्हणाली, "मी साइटवाल्यायले लिहिते, जे झालं ते. खातं बंद करतील तं करतील." फारूकनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बस सुटली आणि गावाबाहेरच्या नाक्यावर थांबली, तर लटारू चढला. कुणाकडे न पाहता पुढे जाऊन दांडा धरून उभा राहिला. आष्टीला काळी-पिवळी जीप पकडली, तेव्हा मात्र जागा एकच होती, फारूकच्या शेजारी. पेटीचं अर्धं वजन त्याच्या मांडीवर आलं. पुलावरून जाताना तो हळूच म्हणाला, "मी बोलणार नाई. नुसता सोबत आलो."

"बरं," फारूक म्हणाला.

निरापदच्या गावात कीर्तनाचा मांडव होता. शेणानं सारवलेली जमीन, वर पत्रे, एका बाजूला झाकून ठेवलेले दोन खोल. दुपारचे तीन वाजले होते. बातमी पसरली आणि तास जायच्या आत पन्नासेक माणसं चटईवर येऊन बसली. निरापद बंगालीत बराच वेळ बोलला. फारूकला त्यातलं हार्मोनियम आणि टाका एवढंच कळलं. टाका म्हणजे रुपये. मग सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

तो उभा राहून बोलला. दुकानात बोलला तेच. निरापद वाक्यावाक्याला थांबवून बंगालीत सांगत होता. बोलणं संपलं. मागे एक जण काहीतरी पुटपुटला आणि दोघे तिघे हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

पुढे एक म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, बारीक केस. ती निरापदची आई. मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "बोली कोण लावली?"

फारूक म्हणाला, "आई, माह्याकडच्या माणसानं. म्हणजे मीच समजा."

"तू नाही लावली. कोण लावली?"

फारूकनं लटारूकडे मान वळवलीसुद्धा नाही. नाव घ्यायचं नाही, असं लटारूनं सांगितलं होतं. पण आता सगळा मांडव त्याच्याकडे असा पाहत होता, की हा माणूस इथंच अडकला, म्हणजे सगळं खोटं. निरापदनं जमिनीकडे पाहिलं. मागे एक जण उठून जायला निघाला.

"मी," मागून आवाज आला.

लटारू उभा राहिला होता. हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं. "मी लावली. म्हणजे फोन मी केला. हा फारूकभाऊ माह्या जिवाचा माणूस हाय. आमच्या गावात आपल्या माणसाची वस्तू सस्ती जाऊ देत नाई. मले वाटलं, सगळीकडे असंच असते."

निरापदनं सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "कितीपर्यंत बोलला?"

"अकरा हजार दोनशे."

"आम्ही गप बसलो असतो, तर?"

लटारू विचारात पडला. हा विचार त्याच्या डोक्यात आजवर आलाच नव्हता. "तं... पेटी मले घ्या लागली असती."

"पैसा होता?"

"नाई, आई."

आधी एक बाई हसली. मग निरापदनं ते बंगालीत सांगितलं, आणि साऱ्या मांडवात हसू पसरलं. ते हसणं मघासारखं नव्हतं. लटारू घामाघूम होऊन उभाच राहिला, आणि मग त्यालाही थोडं हसू आलं.

म्हातारी मात्र हसली नाही. ती पेटीजवळ गेली, गोधडीची गाठ सोडली आणि फारूककडे पाहून म्हणाली, "तू बोलतो अडीच हजार. मशीन बोलते अकरा हजार. आम्ही कोणाचं ऐकायचं? पेटी इथं राहील. आठ दिवस कीर्तन होईल. मग आम्ही बोलू किती."

फारूकनं तोंड उघडलं. पेटीची किंमत दुसऱ्यानं ठरवायची, असं त्याच्या धंद्यात कधी झालं नव्हतं. तोंडाशी आलेला आकडा त्यानं गिळला.

"बरं, आई. तुमी बोलाल ते."

निरापद त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. निरोप घेताना त्यानं आधी फारूकचा हात धरला, आणि थोडं थांबून लटारूचाही.

जीपची वाट पाहत दोघं बांधावर बसले. मांडवात कुणीतरी पेटीचा भाता जोरजोरात हलवत होतं.

"त्यायनं आठ दिवसांनी हजारच म्हटले तं?" लटारूनं विचारलं.

"तं हजार."

"तीन हजाराची पेटी हाय, भाऊ."

"मालूम हाय मले," फारूक म्हणाला. तो उठला, आणि भाता इतका जोरात हलवू नका, हळू हलवा, हे सांगायला पुन्हा मांडवाकडे चालू लागला.